अपेंडिक्सच्या संशयावर तरुण पोरांचा सीटी: लो डोस का मागू नये?

गंगापूररोडची आई:
मागच्या महिन्यात माझ्या १९ वर्षांच्या मुलाचं रात्री पोट दुखायला लागलं, आधी बेंबीपाशी, पहाटेपर्यंत उजवीकडे खाली सरकलं, दोनदा उलटी. सोनोग्राफीत आलं "गॅसमुळे अपेंडिक्स दिसत नाही", मग सीटी करायला सांगितला, केला, अपेंडिक्सच निघालं, ऑपरेशन झालं, पोरगं आता ठणठणीत आहे. सीटी का केला अशी तक्रार नाहीच माझी. पण नंतर वाचत बसले तर कळलं की कोरियात १५ ते ४४ वयाच्या ८९१ पेशंटवर अभ्यास झालाय, २०१२ साली छापून आला, अर्ध्यांचा नेहमीचा सीटी आणि अर्ध्यांचा लो डोस, म्हणजे साधारण पाव रेडिएशनमधला. काढलेलं अपेंडिक्स चांगलंच निघालं असं प्रमाण नेहमीच्या डोसमध्ये ३.२ टक्के, कमी डोसमध्ये ३.५. एवढा जवळचा निकाल असेल तर तरुण पोरांना चौपट रेडिएशन कशासाठी द्यायचं? नाशकात हे कोणी आपणहून सांगत का नाही? माझं तर स्पष्ट मत आहे की चाळिशीच्या आतल्या पेशंटला आधी लो डोसच करावा, नाही कळलं तर पुढचं बघावं.

पेठनाका सर्जन:
ताई, काळजी समजते पण मला हे पटत नाही. पहिली गोष्ट म्हणजे हाताने केलेली तपासणी. पोट दाबून सोडल्यावर पेशंट कळवळला, ताप आहे, पांढऱ्या पेशी वाढल्यात, अल्वाराडो स्कोअर (लक्षणं आणि रक्ततपासणीवरून अपेंडिक्सच्या शक्यतेला दिलेले गुण) १० पैकी ८-९ येतोय, अशा तरुण मुलाला बऱ्याचदा सीटी लागतच नाही. आणि लागतो तेव्हा मला स्वच्छ फोटो हवा. आपली पोरं हडकुळी, पोटात चरबी नाही, आतडी एकमेकांना चिकटलेली दिसतात, अपेंडिक्स वेगळं ओळखायला चरबीच मदत करते. त्यात डोस कमी केला की फोटो दाणेदार येतो, आणि रात्री २ वाजता घरून रिपोर्ट देणाऱ्याने त्यातून काय शोधायचं? सुरगाणा, पेठकडून पेशंट येतो तो दोन-तीन दिवस दुखणं अंगावर काढून, आत गोळा झालेला किंवा फुटलेलं. तिथे चुकलं तर जिवावर बेततं हो. कोरियातलाच पुढचा मोठा अभ्यास बघा, २०१७ चा, २० हॉस्पिटलं आणि तीन हजारांवर पेशंट, त्यात चांगलं अपेंडिक्स काढल्याचं प्रमाण लो डोसला ३.९ टक्के आणि नेहमीच्याला २.७ आलंय. त्यांनी तो फरक चालण्यासारखा धरला, पण माझ्या टेबलावर आलेल्या पोराला टक्केवारी सांगून भागत नाही.

सिन्नरकर:
मी डॉक्टरांच्या बाजूने. माझ्या मुलीच्या वेळी (२३ वर्षं) आम्हीच रेडिएशनच्या भीतीने सीटी नको म्हणून अडून बसलो, सोनोग्राफीत नक्की काही कळलं नाही तरी संशयावर पोट उघडलं, अपेंडिक्स चांगलं होतं आणि दुखत होती उजव्या अंडाशयावरची गाठ. ती अजून विचारते, आई माझं चांगलं अपेंडिक्स का काढलं. लोकांना रेडिएशनचं नाव काढून आणखी घाबरवू नका.

गंगापूररोडची आई:
सिन्नरकर ताई, वाचून वाईट वाटलं. पण मी सीटी नको म्हणतच नाहीये. उलट कमी डोसचा आहे हे माहीत असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात ना?

सीटीवाला (टेक्निशियन):
रोज मशीनवर बसतो म्हणून सांगतो, भांडण डोसवर चाललंय पण खरा घोळ फेजचा, म्हणजे किती वेळा स्कॅन फिरवतात त्याचा आहे. आधी प्लेन, मग कॉन्ट्रास्ट (फोटो उठून दिसावा म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन, मग परत उशिराचा (डिलेड), असं एकाच पोटावरून तीनदा फिरवतात. अपेंडिक्सच्या संशयाला बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टचा एकच फेज पुरतो. ताई, मुलाची सीडी असेल तर त्यात फोटोंबरोबर डोस रिपोर्टचं पान असतं, त्यावर टोटल डीएलपी (पूर्ण स्कॅनमधल्या रेडिएशनचं माप) बघा आणि किती ओळी आहेत ते सांगा, साधारण एका फेजची एक ओळ असते.

गंगापूररोडची आई:
सापडलं. तीन ओळी आहेत, टोटल १४१०.

सीटीवाला (टेक्निशियन):
पोटासाठी ढोबळ हिशोब म्हणजे डीएलपी गुणिले ०.०१५, म्हणजे साधारण २१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेलं रेडिएशन यात मोजतात). त्या २०१२ च्या अभ्यासात नेहमीच्या डोसचा डीएलपी ५२१ च्या आसपास होता आणि लो डोसचा ११६, म्हणजे ८ आणि २ च्या आतबाहेर. जगात सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला २.४ मिळतं. तुमच्या मुलाला एका सकाळी जवळजवळ नऊ वर्षांचं मिळालं.

पेठनाका सर्जन:
२१ फारच झालं, १९ वर्षांच्या पोराला प्लेन आणि डिलेड मारायचं काही कारण मला तरी दिसत नाही. एका सीटीने कॅन्सरचा धोका तसा फार थोडा वाढतो, घाबरू नका, पण हे टाळता आलं असतं हे खरंच. आमच्याही फॉर्मवर नुसतं "सीटी ॲबडोमेन" लिहिलेलं असतं, उद्यापासून मी "सिंगल फेज" असं लिहून देईन. डोस कमी करा असं मात्र नाही लिहिणार, फोटो वाचणारा तयार असल्याशिवाय नाही.

गंगापूररोडची आई:
सिंगल फेज लिहिणार म्हणालात, बरं वाटलं डॉक्टर. पण मग पहिल्याच दिवशी चालत आलेला, फुटल्याची काही लक्षणं नसलेला अठरा-वीस वर्षांचा पोरगा असेल आणि रेडिऑलॉजिस्ट समोर बसलेला असेल दिवसा, निदान त्याच्या फॉर्मवर तरी लिहा ना लो डोस.