मदत हवी आहे: स्पेक्ट्रम बेसिकमधल्या विटाफोड खेळात नेमक्या ७५ विटा उरतात

मशीन झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के (जुना घरगुती संगणक), प्रोग्रॅमची भाषा त्याचंच बेसिक. विटा ३ ते ७ या ओळींत, कॉलम १ ते ३० मध्ये, एका अक्षराची एक वीट, म्हणजे एकूण १५०. बॅट २० व्या ओळीत. चेंडू दर फेरीला एक्समध्ये (कॉलम) डीएक्स आणि वायमध्ये (ओळ) डीवाय मिळवून सरकतो, दोन्ही अधिक किंवा उणे १. पुढच्या घरात वीट असली की ती पुसायची आणि डीवाय उलटा करायचा.

अडचणी दोन आहेत.

१) कितीही वेळ खेळलं तरी ७५ विटा उरतात, एकाआड एक. चेंडू गेला आणि नवा आला (ओळ १८, कॉलम १५) तरी त्याच.

२) ओ कळ सोडून पी कळ दाबताना बॅट क्षणभर थबकते. इनकी-डॉलर (कोणती कळ दाबलीय ते सांगणारं फंक्शन) वापरलंय.

प्रतिसाद १

७५ हा आकडाच उत्तर सांगतोय. दर पावलाला एक्स आणि वाय दोन्ही १ ने बदलतात, त्यामुळे त्यांची बेरीज एकतर तीच राहते किंवा २ ने बदलते. सम असेल तर कायम सम, विषम असेल तर कायम विषम. बुद्धिबळातल्या उंटासारखा चेंडू एकाच रंगाच्या घरांवर फिरतो आणि तुम्ही तपासताही फक्त तिरकं घर. दुसऱ्या रंगाच्या ७५ विटांना तो कधी शिवणारच नाही. नवा चेंडूही ठरलेल्या जागेवरून येतो, म्हणजे रंग तोच.

तपासणी तीन घरांची करा, या क्रमाने:

आधी भिंती. एक्स १ किंवा ३० असेल तर डीएक्स आतल्या दिशेला वळवा. हे शेवटी केलंत तर रंगीत भिंतच वीट समजून फुटेल.

मग उभं घर (वाय + डीवाय, एक्स). वीट असेल तर फोडा, डीवाय उलटा. मग आडवं घर (वाय, एक्स + डीएक्स), तिथे डीएक्स उलटा. ही दोन्ही रिकामी असतील तरच तिरकं घर बघा आणि तिथे वीट असेल तर दोन्ही उलटे. उभं आणि आडवं घर विरुद्ध रंगाचं असतं, म्हणून उरलेल्या विटाही आता सापडतील. शिवाय कोपऱ्याला कोपरा लागलेल्या दोन विटांमधून चेंडू निसटायचा, तेही थांबेल.

वीट ओळखायला ॲटर (घराच्या रंगांचा आकडा देणारं फंक्शन) वापरा. काळा पेपर (मागचा रंग) आणि पांढरी इंक (अक्षराचा रंग) म्हणजे ७, लाल पेपर आणि पांढरी इंक म्हणजे २३, तेव्हा ७ पेक्षा जास्त म्हणजे वीट. मैदानाला ब्राइट (उजळ रंग) देऊ नका, ६४ वाढतात आणि रिकामं घरही वीट ठरतं. घरातलं अक्षर वाचणाऱ्या स्क्रीन-डॉलरच्या नादी लागू नका, त्याला यूडीजी (आपण स्वतः रेखाटलेली) अक्षरं ओळखता येत नाहीत, रिकामी स्ट्रिंग (अक्षरमाळ) मिळते.

तीन ॲटरमुळे वेग पडेल, म्हणून चेंडू ८ व्या ओळीच्या खाली असताना ही विटांची तपासणी वगळा. मुख्य लूप (पुन्हापुन्हा चालणारा भाग) प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला ठेवा, कारण गो टू (दुसऱ्या ओळीवर नेणारी आज्ञा) ओळ शोधताना पहिल्या ओळीपासून चालत येतो.

प्रतिसाद २

बॅटचं: दोन कळा एकदम दाबलेल्या असल्या की इनकी-डॉलर रिकामी स्ट्रिंग देतं. बोटं बदलताना तेच होतं. कळांची स्थिती देणारा पोर्ट ५७३४२ थेट वाचा. काहीच न दाबता तिथे मशीनच्या काही बोर्डांवर २५५ येतं तर काहींवर १९१, म्हणून ३२ ने भागून बाकी घ्या: ३१ काही नाही, ३० पी, २९ ओ, २८ दोन्ही. २८ आलं की आधीच्या फेरीतल्या दिशेच्या उलट जा.

बॅटच्या स्ट्रिंगला दोन्ही टोकांना एकेक स्पेस जोडा. एकाच प्रिंटमध्ये नवी बॅट उमटते आणि जुनी पुसली जाते, लुकलुकणं कमी होतं.

प्रश्नकर्ता

दोन्ही जमलं, आभार. आता स्क्रीनवर एकही वीट नाही, पण फुटलेल्या विटांची मोजणी १४७ वर अडकली आणि डाव संपत नाही.

प्रतिसाद १

धडकेनंतर दिशा उलटवून त्याच फेरीत चेंडू पुढे सरकवताय ना? विटांच्या खाचेत असताना ते नवं घरही वीट असू शकतं. चेंडू तिच्यावर उमटतो, पुढच्या फेरीत स्पेस उमटते, वीट न मोजता गायब. धडक झाली की त्या फेरीत चेंडू जागीच ठेवा, फक्त दिशा बदला आणि लूपच्या सुरुवातीला परत जा. कोपऱ्यात उभी आणि आडवी अशा दोन विटा एकदम फुटल्या तर मोजणीत २ मिळवायलाही विसरू नका.