छोट्या युनिटमधे पर्चेस डिजिटल करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधे आमचं मशिनिंगचं युनिट, पर्चेस मी बघतो. कास्टिंग बेळगावच्या फाउंड्रीतून येतं, बेअरिंग-टूल्स फोंडा-मडगावातून. पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) एक्सेलमधे, रेटची घासाघीस व्हॉट्सअॅपवर, बिलं टॅलीत आणि स्टोअरचं रजिस्टर अजून हातानेच. आता मालक म्हणतात ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेऊया, सप्लायरना पोर्टल देऊया. पण बेळगाववाले सगळे फोनवर काम करणारे, ते लॉगिन करून बसतील असं मला तरी वाटत नाही. आधी काय करावं?

उत्तर 1:
पोर्टल तूर्त राहूदे. आधी आयटम मास्टर, म्हणजे सगळ्या वस्तूंची कोडसकट यादी, साफ करा, कितीही कंटाळा आला तरी. एकच बेअरिंग, एका कंपनीच्या बॉक्सवर 6205-2झेड, दुसरीच्या बॉक्सवर 6205 झेडझेड, आणि स्टोअरवाला रजिस्टरात लिहितो '25 एमएम बेरिंग'. असे तीन कोड सिस्टीममधे गेले की एकाखाली स्टॉक शून्य दिसतो, आपण नवीन मागवतो आणि माल तिकडे रॅकवर पडून असतो. कितीही महागडं सॉफ्टवेअर घ्या, हे ते आपणहून सुधारणार नाही.

उत्तर 2:
वरच्यांशी सहमत. मी अकाउंट्समधे आहे, माझं म्हणणं दुसरा नंबर जीआरएनचा, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीचा. माल गेटवर आला, तपासून घेतला, की त्याच दिवशी एंट्री. फाउंड्री जर उद्यममधे (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेली असेल तर पेमेंटची मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. मुदत चुकली की आयकर कायद्याप्रमाणे तो खर्च पैसे दिले त्या वर्षातच धरला जातो, म्हणजे मार्चमधे फटका. रजिस्टरात तारीखच नीट नसेल तर मोजणार काय?
आणि दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीचं 2बी (सप्लायरनी भरलेल्या बिलांवरून आपल्याला मिळणाऱ्या टॅक्स क्रेडिटचा तक्ता) येतं ना, ते बिलांशी जुळवून बघा. सप्लायरने बिल भरलंच नसेल तर क्रेडिट अडकतं, तेव्हा पेमेंट सोडायच्या आधीच त्याला फोन करा.

प्रश्नकर्ता:
खूप आभार. पण मग व्हॉट्सअॅप बंदच करायचं का?

उत्तर 1:
छे, कशाला! पीओची पीडीएफ व्हॉट्सअॅपवरच पाठवा. फक्त मालासोबतच्या डिलिव्हरी चलनावर आणि बिलावर पीओ नंबर हवाच म्हणून सांगा, नसेल तर गेटवरूनच फोन लावायचा, मग त्यांना आपोआप सवय लागते. तो नंबर असला की पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही टॅलीतच जुळवता येतात, ईआरपीचं नंतर बघा.