आपत्ती मदतकार्यासाठी वरिष्ठ व्यवस्थापक नेमताना नेमके काय तपासायचे?

आस्थापना_कक्ष:

नमस्कार. सरकारी आपत्ती प्रतिसाद विभागात वरिष्ठ व्यवस्थापकाचे एक पद भरायचे आहे. काम मानवतावादी मदतीचे. भूकंप, पूर, चक्रीवादळ किंवा मोठे विस्थापन झाले की पथक रवाना करायचे, पाणी, निवारा, अन्न, आरोग्य यांची सांगड घालायची, बाहेरून येणाऱ्या संस्थांशी समन्वय ठेवायचा आणि शांत काळात साठा, सराव व माणसांची यादी अद्ययावत ठेवायची.

अडचण अशी की मुलाखतीत सगळेच छान बोलतात. मग निवड कशावर करायची? जाहिरातीत अनुभवाची अट कशी लिहायची? सैन्यातून निवृत्त झालेल्यांचे अर्ज बरेच येतात, त्यांच्याकडे कसे पाहावे? आणि पूर्वीच्या कामाची चौकशी किती खोलवर करावी? कृपया ठोस सांगा.

फाइल_ते_फील्ड:

जाहिरातीच्या आधी एक कागद तयार करा: या पदावरची व्यक्ती कोणालाही न विचारता काय काय ठरवू शकते. तो कागद नसेल तर कितीही चांगला माणूस आणा, पहिल्याच आपत्तीत त्याचे हात बांधलेले असतील आणि दोष मात्र त्याच्या नावावर पडेल. फसलेल्या बहुतेक नेमणुकांमध्ये माणसाआधी पदच फसलेले असते.

कागदावर काय हवे? तातडीच्या काळात एका वेळी किती रकमेपर्यंत थेट खरेदी करता येईल, कोटेशनची अट कधी शिथिल होते, कार्योत्तर मंजुरीची टिपणी किती दिवसांत सादर करायची. गोदामातला साठा कोणाच्या सहीने बाहेर पडतो. पथक रवाना करण्याचा आदेश कोण देतो, आणि रात्री दोन वाजता त्यांचा फोन लागला नाही तर पुढचे नाव कोणाचे. पथक परत बोलावण्याचा अधिकार कोणाचा, हेही लिहा. रवानगीचा आदेश सगळ्यांना सुचतो, परतीचा कोणालाच सुचत नाही. मग काम संपल्यावरही पथक तिथेच राहते आणि यजमानांचेच पाणी आणि इंधन वापरत बसते.

हे अधिकार आधी लिहून का हवेत, तर वेळ फार थोडा असतो. शोध-बचाव पथकांसाठी इन्सारॅगचे (संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालचा आंतरराष्ट्रीय शोध-बचाव सल्लागार गट) जे वर्गीकरण आहे, त्यात मध्यम पथकाने एका ठिकाणी दिवसरात्र ७ दिवस आणि जड पथकाने दोन ठिकाणी दिवसरात्र १० दिवस काम करणे अपेक्षित आहे. पण ढिगाऱ्याखाली माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या दोन-तीन दिवसांतच झपाट्याने घसरते. फाइल दीड दिवस फिरली तर तेवढे सज्ज पथक पोचूनही मुख्य वेळ हातचा गेलेला असतो.

अनुभवाची अट: नुसते ‘१० वर्षांचा अनुभव’ लिहू नका. दहा वर्षे मुख्यालयात अहवाल एकत्र करणाराही त्यात बसतो. असे लिहा: किमान तीन नेमणुका प्रत्यक्ष आपत्तीस्थळी, प्रत्येक किमान चार आठवड्यांची, त्यातली एक अचानक आलेल्या आपत्तीची आणि एक दुष्काळ किंवा विस्थापनासारख्या लांबलेल्या संकटाची. अर्जातच तक्ता द्या: हाताखाली किती माणसे, किती रकमेपर्यंत सही, कोणाला उत्तरदायी, कोणता निर्णय स्वतःचा. शेवटचा रकाना कोरा ठेवणारे अर्ज छाननीतच बाजूला पडतात.

खेप_मोजणारी:

वरच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. निवडीबाबत माझे मत स्पष्ट आहे: मुलाखतीला एकूण गुणांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वजन देऊ नका. उरलेले गुण प्रात्यक्षिकाला. ‘तुम्ही आव्हानाला कसे तोंड दिले’ या प्रश्नाला तयार उत्तर असते, कागदांच्या गठ्ठ्याला नसते.

९० मिनिटे, १२ कागद, एक खोली, एक साधा कॅल्क्युलेटर. प्रसंग असा: पुरानंतरचा तिसरा दिवस, एका आवारात छावणी. एका कागदावर नोंदवहीतला आकडा, ४,२०० माणसे. दुसऱ्यावर छावणीप्रमुखाचा निरोप, १,३०० कुटुंबे. कुटुंबामागे पाच धरले तर ६,५०० होतात. तिसऱ्या कागदावर वाहनांची यादी: १०,००० लिटरचे दोन टँकर, भरून येऊन रिकामे होईपर्यंत एका खेपेला अडीच तास. चौथ्यावर हजेरीपट: चालक दोन.

स्फिअर मानकांप्रमाणे (मानवतावादी मदतीची आंतरराष्ट्रीय किमान मानके) दर माणशी दर दिवशी किमान १५ लिटर पाणी. म्हणजे ४,२०० माणसांना ६३,००० लिटर. आता टँकर १५ तास चालवले तर प्रत्येकी सहा खेपा, एकूण १,२०,००० लिटर, भरपूर वाटते. पण एका टँकरला एकच चालक आहे. आठ तासांच्या पाळीत तीनच खेपा होतात. दोन्ही मिळून ६०,००० लिटर, म्हणजे नोंदवहीतल्या लहान आकड्यालाही ३,००० लिटर कमी. ६,५०० माणसे धरली तर गरज ९७,५०० लिटरची. हजेरीपट न वाचता ‘टँकर पुरेसे आहेत’ असे लिहिणारा उमेदवार इथेच उघडा पडतो. चांगला उमेदवार आधी आणखी दोन चालक मागतो, टँकर नंतर मागवतो.

आकड्यांच्या तफावतीवर काय करतो तेही पाहा. ‘नेमका आकडा कळवा’ असे पत्र लिहून थांबणारा नको. पाण्याचे नियोजन मोठ्या आकड्यावर, वस्तूंचे वाटप नोंदवहीवर, आणि आज रात्री अकरा वाजता झोपलेली माणसे मोजायला दोघांना पाठवणार, असे लिहिणारा हवा. दिवसा जेवायला आजूबाजूची माणसेही येतात, रात्री झोपायला ज्यांना घर नाही तीच राहतात.

शौचालयांचेही तसेच. अंतिम मानक २० माणसांमागे एक, म्हणजे २१०. सुरुवातीच्या दिवसांत ५० मागे एक चालवून घेतात, म्हणजे ८४. यादीत ४० ठेवा. उमेदवार ८४ चा टप्पा कधी गाठणार याची तारीख लिहितो का, स्त्रियांसाठी वेगळी आणि जास्त धरतो का, आतून कडी आणि वाटेवर उजेड मागतो का, ते तपासा. नळ २५० माणसांमागे एक, म्हणजे १७. नळाशी अवशिष्ट क्लोरीन (शुद्धीकरणानंतर पाण्यात उरणारे) लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. हे आकडे पाठ नसले तरी चालेल, मानकांची प्रत टेबलावर ठेवा. बघायचे आहे ते आकडा वापरता येतो का.

मग मध्येच दोन चिठ्ठ्या द्या. चाळिसाव्या मिनिटाला: उद्या सकाळी विमानाने जुने कपडे आणि चार महिन्यांत मुदत संपणारी औषधे येत आहेत, उतरवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधदानाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. २००४ च्या त्सुनामीनंतर न मागितलेली औषधे आणि कपडे यांचे ढीग निवडण्यात आणि नंतर नष्ट करण्यात मोलाची माणसे अडकली होती. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूच्या एकमेव आंतरराष्ट्रीय धावपट्टीवर जागा नसल्याने मदतीची विमाने खोळंबली. म्हणजे नको ते विमान उतरवणे हे हव्या त्या विमानाची जागा खाणे आहे. उत्तरात सौजन्याचा नकार आणि खरोखर हव्या असलेल्या वस्तूंची यादी, दोन्ही पाहिजेत. पासष्टाव्या मिनिटाला: उद्या अकरा वाजता मान्यवरांची भेट, ताफा आठ गाड्यांचा. टँकरच्या वाटेने ताफा नको, वेळ वाटपाची नको, सोबत माहिती द्यायला एक माणूस ठरवलेला हवा. ज्याने सगळे काम सोडून स्वागताची तयारी लिहिली त्याचे गुण कापा.

समन्वय_बैठक:

सैन्यातल्या उमेदवारांबद्दल. वाहतूक, शिस्त, नकाशा, संदेशवहन यांत ते बहुधा सरस असतात, त्यांना बाद करणे चूक ठरेल. पण इथे आदेश चालत नाही. आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या समन्वयासाठी २००५ पासून रुजलेल्या क्लस्टर पद्धतीत प्रत्येक क्षेत्राची एक आघाडीची संस्था असते, जसे आरोग्यासाठी जागतिक आरोग्य संघटना, लॉजिस्टिक्ससाठी जागतिक अन्न कार्यक्रम. बैठकीला आलेली कोणतीही संस्था तुमच्या माणसाला ‘होय’ म्हणायला बांधील नसते. शिवाय परदेशी लष्करी साधने मदतकार्यात वापरण्याबद्दलच्या ऑस्लो मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ती शेवटचा पर्याय म्हणून, नागरी पर्याय उरला नाही तरच वापरायची असतात. हे तत्त्व उमेदवाराला मान्य आहे का, हे थेट विचारा.

चाचणी सोपी आहे. चार जणांना भूमिका द्या: एक संस्था फक्त आपल्या आवडत्या गावात वाटप करणार म्हणते, एक कोणतीही माहिती देत नाही, एक स्थानिक प्रशासनाचा दमलेला अधिकारी, एक वस्तीतली प्रतिनिधी जिला बोलायला कोणी वेळ देत नाही. २५ मिनिटांची बैठक घ्यायला लावा. अखेरीस फळ्यावर तीन गोष्टी उरल्या पाहिजेत: कोण, कुठे, कधीपर्यंत. आणि वस्तीतल्या प्रतिनिधीला निदान एकदा तरी प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो प्रश्न आला का, ही माझ्या मते अख्ख्या निवडीतली सर्वांत बोलकी खूण आहे. मानवता, निःपक्षपात, तटस्थता, स्वातंत्र्य ही मदतकार्याची चार तत्त्वे पाठ म्हणून दाखवणारे खूप भेटतात.

नागरी सेवेतून आलेल्यांनाही हीच चाचणी द्या. आदेशाची सवय फक्त गणवेशात नसते.

आस्थापना_कक्ष:

फार उपयोगी. चार चालकांचा मुद्दा तर आमच्या टेबलावर कोणालाही सुचला नसता. गुण कसे द्यायचे आणि मंडळावर कोण असावे?

खेप_मोजणारी:

पाच जण: विभागप्रमुख, लेखा शाखेतील एक, क्षेत्रात काम केलेला एक, बाहेरच्या मदतसंस्थेतील एक, आस्थापनेतील एक. लेखा शाखेला वगळू नका. खरेदीचा निर्णय धाडसी होता की नियमबाह्य, हे तेच ओळखू शकतात, आणि पुढे त्याच माणसाची बिले त्यांच्याकडेच यायची आहेत.

सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक कसोटीला १ ते ५ गुण आणि १, ३, ५ म्हणजे काय हे आधी लिहिलेले. उदाहरणार्थ पाण्याच्या नियोजनात: १ म्हणजे फक्त ‘टँकर वाढवा’, ३ म्हणजे लिटरचा हिशेब बरोबर, चालक विसरले, ५ म्हणजे हिशेब, चालक, क्लोरीनची तपासणी आणि कमी पडल्यास पिणे-स्वयंपाक आधी असा क्रम. प्रत्येकाने आपले गुण शाईने लिहून पाकीट बंद करायचे, मगच चर्चा. दोन सदस्यांत दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तेवढ्याच कसोटीवर बोलायचे. आधी चर्चा केली की सर्वांत वरिष्ठ सदस्याचेच गुण पाच कागदांवर उतरतात.

निर्धोक_नेमणूक:

चौकशीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहीत आहे, आणि हा भाग उरकण्यासारखा नाही. या पदावरच्या माणसाकडे अन्न, तंबू आणि नावे नोंदवण्याचा ताबा असतो. समोरची माणसे सर्वस्व गमावलेली असतात. गैरफायदा घ्यायला याहून सोपी जागा नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी २००३ मध्ये काढलेल्या आदेशात मदतीच्या बदल्यात लैंगिक संबंधांना बंदी आहे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीशी संबंधांना, स्थानिक संमतीवय काहीही असले तरी, बंदी आहे. त्याच आशयाची आचारसंहिता नियुक्तीपत्राला जोडा आणि सही घ्या.

पूर्वीच्या नोकरीबद्दल फक्त उमेदवाराने दिलेल्या दोन नावांना फोन करून भागत नाही. ती नावे त्याच्या मित्रांची असतात. मागच्या पाच वर्षांतल्या प्रत्येक मालकसंस्थेच्या आस्थापना शाखेला लेखी विचारा: लैंगिक गैरवर्तन, छळ किंवा अपहाराबद्दल दोषी ठरला होता का, चौकशी सुरू असताना सोडून गेला का. मदतसंस्थांमध्ये २०१९ पासून गैरवर्तन माहिती देवाणघेवाण योजना लैंगिक गैरवर्तनापुरती याच पद्धतीने चालते. उमेदवाराची लेखी संमती अर्जातच घ्या, नंतर मागितली की आठवडे जातात. ‘पुन्हा नोकरीवर घ्याल का?’ हा प्रश्न फोनवर विचारा आणि उत्तराआधी किती थांबले तेही टिपून ठेवा. पण निव्वळ शांततेवरून कोणाला नाकारू नका, त्यावरून पुढचा प्रश्न विचारा.

उमेदवाराला एक थेट प्रश्नही हवा: वाटप करणाऱ्या कर्मचाऱ्याबद्दल कुजबुज कानावर आली, तक्रार कोणी दिलेली नाही, तर पहिल्या २४ तासांत काय कराल? ‘आधी खात्री करून घेईन’ म्हणत स्वतःच चौकशी करू लागणारा धोकादायक असतो. साक्षीदार घाबरतात, पुरावा विखुरतो. त्या माणसाला वाटपावरून हलवणे, ठरलेल्या चौकशी यंत्रणेला कळवणे आणि पीडितेला आरोग्यसेवेपर्यंत गुप्तपणे पोचवणे, एवढे त्याला सुचले पाहिजे.

फाइल_ते_फील्ड:

आणखी दोन गोष्टी, बाकी सर्वांनी नीट लिहिले आहे.

एक माणूस नेमून चोवीस तास भागत नाहीत. आठवड्याचे १६८ तास, चाळीस तासांच्या हिशेबाने एका खुर्चीला सुमारे सव्वाचार माणसे, रजा धरून पाच. वरिष्ठ व्यवस्थापकाची खुर्ची पाच जणांची करता येणार नाही, पण त्याच्या जागी सही करू शकणारे दोन उपव्यवस्थापक याच फेरीत प्रतीक्षायादीतून निवडा. आपत्तीत या व्यवस्थापकांची बारा तासांची पाळी, आणि पाळी बदलताना एका पानाची लेखी नोंद: काय ठरले, काय अडले, कोण कशाची वाट पाहतो आहे. नोंद तोंडी राहिली की तोच ट्रक दोनदा मागवला जातो.

दुसरे, रुजू झाल्यावरचे पहिले तीस दिवस. अभ्यासदौरे आणि परिचय बैठका नंतर ठेवा. आधी गोदामात पाठवा आणि साठा नोंदवहीशी ताडून स्वतः मोजायला लावा: तंबू उघडून काठ्या आणि खुंट्या पूर्ण आहेत का, ताडपत्रीच्या घड्यांवर चिरा गेल्या आहेत का, क्लोरीनच्या गोळ्यांची मुदत काय, जनरेटर भाराखाली अर्धा तास चालतो का. मग आपत्कालीन फोनयादी हातात द्या आणि रात्री साडेदहानंतर प्रत्येक क्रमांक स्वतः लावायला सांगा. किती लागले, किती बदलले, किती जणांनी उचलला, याची तारीखवार नोंद हा त्याचा पहिला अहवाल.