शिरोबाको पाहताना तुम्हाला कुणाची आठवण झाली?

टाचणी

गेल्या जुलैत घोटा मोडून दीड महिना पलंगावर होते. भाचीने दया येऊन लॅपटॉपवर 'शिरोबाको' लावून दिली. ॲनिमे म्हणजे तलवारी आणि किंचाळ्या, एवढंच तोवरचं माझं ज्ञान. ही निघाली ॲनिमे बनवणाऱ्या माणसांचीच गोष्ट! तोक्योच्या पश्चिमेला मुसाशिनोत एक स्टुडिओ, आणि तिथे नवीनच लागलेली मियामोरी आओइ. तिचं पद 'सेइसाकु शिन्को'. ही बाई स्वतः एक रेघही ओढत नाही. कुणाची चित्रं कुठवर आली ते विचारायचं, रात्री-अपरात्री गाडी काढून चित्रकारांच्या दारातून पाकिटं उचलायची, पुढच्या टेबलावर टाकायची आणि मधल्या वेळात सगळ्यांची बोलणी खायची.

पी. ए. वर्क्सने केलेली, मिझुशिमा त्सुतोमु यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५, एकूण २४ भाग. नावाचा अर्थ पांढरं खोकं. तयार भागाची व्हिडिओ टेप प्रक्षेपणाच्या आधी काम केलेल्या लोकांना साध्या पांढऱ्या खोक्यातून मिळायची, ते हे खोकं.

मी एका छोट्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव करते. दिग्दर्शक स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचा चित्रांतला आराखडा, देत नाही म्हणून त्याला ऑफिसातच पिंजऱ्यात कोंडतात, तो प्रसंग पाहून मी एकटीच हसत सुटले. आमचे एक मुखपृष्ठकार आहेत. फोन केला की 'निघालोच' म्हणतात. सहा वर्षांनी मला कळलं की निघालोच म्हणजे अंघोळीला निघालोच. एका वर्षी छापखान्याची वेळ उलटायला आली तेव्हा मी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले आणि दारातल्या खुर्चीत स्वेटर विणत बसले. पिंजरा नव्हता, इतकंच. साडेचार तासांत चित्र झालं, आणि त्यांचं आजवरचं सगळ्यात चांगलं झालं.

तर लिहा. तुमच्या कामात मियामोरी कोण, आणि तिचा घोळ घालणारा सहकारी तारो कोण? कंपन्यांची नावं तेवढी नकोत. आणि हो, पुढे कथानक फुटणार आहे.

रात्रपाळी

पुण्यात रोटो करतो. सिनेमातल्या माणसाच्या कडेने दर फ्रेमला रेघ मारत जायची, म्हणजे त्याला मागच्या दृश्यातून सुटं काढता येतं. सेकंदाला २४ फ्रेम. नायिकेचे केस मोकळे आणि वारा सुटलेला असेल तर आठवडा गेला समजा. दिग्दर्शकाला वारा का आवडतो कोण जाणे.

त्यातला फाइल-सर्व्हर कोलमडतो तो भाग मला बघवला नाही. आमच्याकडे पहाटे तीनला असंच झालं होतं. क्लायंटची संध्याकाळ आमच्या पहाटेला असते, त्यामुळे तिकडून फोनवर फोन. आमची कोऑर्डिनेटर लातूरची. तिने फोन उचलून शांतपणे 'तासाभरात कळवते' सांगितलं, खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा आणला आणि मग जिन्यात बसून रडली. मी सिगारेटला गेलो होतो म्हणून दिसली. तिने मला बघितलं आणि म्हणाली, "तुझे चौदा शॉट कधी देतोस?"

तो सिनेमा लागला तेव्हा बायकोला घेऊन गेलो. श्रेयनामावली सुरू झाली, लोक उठले. मी तिला हात धरून बसवलं. नावं सरकतायत, सरकतायत. झाडूवाला येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "तुझं कुठंय?" मी म्हटलं, "ते बघ, आपल्या कंपनीचं आलं." आतली नावं टाकायला जागा नव्हती म्हणे. सहा महिने काम केलेले आम्ही तीसजण एका ओळीत.

कट्टा सोडून पळालेली

तारोबद्दल कोणीतरी लिहिणार होतंच, तर मीच लिहिते. अर्धवट निरोप, फुशारकी आणि चुकीची माहिती पूर्ण आत्मविश्वासाने. हाताने चित्रं काढणारा एन्दो आणि थ्रीडीवाला शिमोयानागी यांच्यात स्फोटाच्या दृश्यावरून वाजतं, ते मुळात तारोच्या निष्काळजी निरोपामुळे. थ्रीडी विरुद्ध हातचं काम हा वाद खरा आहेच, पण ठिणगी निरोपाची.

मी एका मराठी मालिकेवर सहाय्यक दिग्दर्शक होते. रोजची मालिका म्हणजे काय, तर हातात भागांची बँक पाहिजे. आमची बँक गणपतीत संपली. रात्री आठला दाखवायच्या भागाचं चित्रीकरण त्याच दिवशी दुपारपर्यंत चालू! अशा एका दिवशी मी ड्रेसदादांना सांगितलं, 'सूनबाईंना हिरवी साडी.' हिरवी साडी होती मागच्या आठवणीच्या दृश्याला. चालू दृश्यात तिची मंगळागौर होऊन सहा महिने झालेले. अर्धं दृश्य चित्रित झाल्यावर सासूबाईंचं काम करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्रींच्याच ते लक्षात आलं. सगळे ड्रेसदादांवर ओरडले. ते एक शब्द बोलले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही.

मी खरं सांगितलं तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी का नाही सांगितलं, याचं उत्तर अजून नाही माझ्याकडे. म्हणून तारोला शिव्या घालणाऱ्यांच्यात मला बसता येत नाही.

जुनी पेन्सिल

वयाने तुम्हा सर्वांहून मोठा असेन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी अंधेरीतल्या एका स्टुडिओत मी इनबिटवीनर होतो. परदेशी मुलांच्या मालिका यायच्या. गोष्ट त्यांची, पात्रं त्यांची, मुख्य पोझेस वरच्या लोकांच्या. मधली चित्रं आमची. मुख्य चित्रांना जपानीत 'गेंगा' म्हणतात आणि मधल्यांना 'दोगा', हे मला या मालिकेने शिकवलं. काम तेच.

काचेखाली दिवा, काचेवर पेगबार. त्याच्या खुंट्यांवर भोकं पाडलेला कागद बसवायचा, डाव्या हाताच्या बोटांत तीन-चार कागद धरून फडफडवत बघायचं, आणि उजव्या हाताने 'मधलं' काढायचं. मधलं म्हणजे बरोब्बर अर्ध्यावरचं नव्हे, नवीन मुलं इथंच फसतात. हात वर जाताना आधी मनगट जातं, बोटं मागून येतात. वेग कुठे दाटवायचा, कुठे सोडायचा ते एक्सपोजर शीटवर लिहिलेलं असतं, पण शीट वाचूनही हात ऐकला पाहिजे. पैसे चित्रागणिक. घाई केली तर रीटेक, आणि रीटेकचे पैसे नाहीत.

म्हणून एमाचा, मियामोरीच्या ॲनिमेटर मैत्रिणीचा, मांजर काढण्याचा प्रसंग मला आतपर्यंत लागला. वेग वाढव म्हणतात म्हणून ती वेग वाढवते, मांजर बिघडतं, परत येतं. मग तिला हात उचलवेना. तिची सीनियर तिला सल्ला देत बसत नाही, बाहेर फिरायला नेते. आमच्या खात्यात एक बंगाली दादा होते. कुणाचा हात आखडला की त्याला घेऊन गच्चीवर जायचे आणि कावळे बघायला लावायचे. 'उडायच्या आधी तो काय करतो, सांग.' तो आधी खाली बसतो. बघा कधी.

आणि सुगिए. कोपऱ्यात बसणारे, वेळेवर घरी जाणारे म्हातारे ॲनिमेटर. आताची टोकदार, तपशिलाने भरलेली चित्रशैली त्यांना जमत नाही म्हणून त्यांच्या वाट्याला फारसं काम येत नाही. मग स्टुडिओ बनवत असलेल्या मालिकेच्या शेवटच्या भागात घोड्यांचा कळप उधळायचा असतो आणि तो काढायला अख्ख्या तोक्योत माणूस मिळेना. मियामोरी एका नामांकित दिग्दर्शकाकडे जाऊन हात जोडते, तर तो म्हणतो, घोडे काढणारा माणूस तुमच्याच ऑफिसात बसलाय. मी तिथे मालिका थांबवली आणि घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात, तो क्षण पाय पोटाखाली गोळा झाल्यावर येतो, पसरलेले असताना नाही. हे ज्याला हाताने माहीत आहे त्याला शैली जुनी झाल्याने काही फरक पडत नाही. आमच्याकडे संगणक आला तेव्हा असं विचारायला कोणी आलं नाही. माझ्या शेजारी बसणारा माणूस, ज्याच्यासारखं पाणी मी कुणाला काढताना पाहिलं नाही, त्याने वसईला झेरॉक्सचं दुकान टाकलं. मी डोंबिवलीत चित्रकलेचे वर्ग घेतो.

एक तक्रार मात्र नोंदवतो. मालिका पैशांवरून हलक्या पावलांनी जाते. जपानमध्ये ॲनिमेशन कामगारांच्या जॅनिका या संघटनेने २०१५ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, त्यात दोगा करणाऱ्यांचं सरासरी वार्षिक उत्पन्न साधारण ११ लाख येन निघालं. महिन्याला लाखाच्या आत. तोक्योत एवढ्यात भाडं द्यायचं की जेवायचं? स्टुडिओचे अध्यक्ष मारुकावा सगळ्यांना स्वतः रांधून वाढतात ते फार गोड आहे. पण मला जेवणाऐवजी दर चित्रामागे दोन रुपये जास्त मिळाले असते तर मी डबा घरून आणला असता.

सहावी गल्ली

दोन भाग बघितले, सोडली. दोन भागांत पन्नास-साठ माणसं येतात, निम्म्यांची आडनावं मला सारखीच वाटतात, आणि सगळी घाईत. दिवसभर तेच करून घरी येतो हो मी.

टाचणी

@सहावी गल्ली: पात्राचं नाव आणि पद पडद्यावर येतं. मला चौथ्या भागापर्यंत वहीत लिहायला लागलं, मग माणसं ओळखीची झाली. नाही जमलं तर नका बघू, कोणी परीक्षा घेणार नाही!

बघू-कळवतो

माझा विषय शिझुका. मियामोरी, एमा धरून शाळेपासूनच्या ज्या पाच मैत्रिणी आहेत, त्यांतली ही आवाज देणारी. बाकीच्या चौघी रडतखडत का होईना, कुठेतरी चिकटतात. ही बारमध्ये ताटल्या उचलते आणि ऑडिशन देत राहते. घरी एकटी बिअर घेऊन टीव्हीसमोर बसते, टीव्हीवर तिच्याहून लहान मुलीचं कौतुक चाललंय, तो प्रसंग आठवा. संवाद जवळजवळ नाहीच. मी मुंबईत डबिंग करते, नऊ वर्षं झाली. सुरुवातीची चार वर्षं फक्त क्राउड, म्हणजे बाजारातल्या गर्दीतली बाई, लग्नातली बाई, पळणारी बाई. एकदा 'मेलेल्या माणसाजवळ रडणारी तिसरी बाई' होते. पहिल्या दोघींचा आवाज मोठा होता.

तेविसाव्या भागात शिझुकाला शेवटी मियामोरीच्या स्टुडिओच्या मालिकेत एक छोटं पात्र मिळतं. आयत्या वेळी वाढवलेलं. तिच्या तोंडी वाक्य येतं, की आता मी माझ्या स्वप्नाच्या थोडी जवळ आले. काचेपलीकडे मियामोरी उभी आहे. आधी कुणालाही सांगितलेलं नाही, मैत्रिणीची शिफारस नाही, काही नाही. मियामोरी तोंड दाबून रडते. मी सुद्धा. नवरा स्वयंपाकघरातून धावत आला, त्याला वाटलं हात भाजला.

माझं पहिलं नाव असलेलं पात्र एक बोलकी खार होती. सात वाक्यं. आईने त्या भागाची वेळ सोसायटीच्या फळ्यावर लिहिली होती.

निशीकासाईकर

तोक्योत निशीकासाईला राहतो, आपले बरेच लोक आहेत इथे. तोझाई लाइनच्या काही गाड्या इथून थेट मिताकापर्यंत जातात, आणि मिताकाच्या पुढचंच स्टेशन मुसाशीसाकाई, मालिकेतला परिसर. एका रविवारी गेलो. काहीही नाही! स्टेशन, सायकली, औषधाचं दुकान, शाळेतून खेळून परतणारी पोरं. पण मालिकेत ते स्टेशनच्या बाहेरचं इतकं तंतोतंत काढलंय की मी वळणाआधीच पुढे काय दिसणार ते ओळखत होतो. एक डोनट घेतला आणि बाकावर बसून खाल्ला. त्या पाचजणींनी शाळेत असताना डोनट उंचावून, पुढे मिळून एक सिनेमा करायची शपथ घेतलेली असते ना.

त्यांना जो सिनेमा करायचाय त्यात जपानचे सात भाग्यदेव आहेत. त्यातली बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, दाइकोकुतेन हा महाकाल, बिशामोनतेन म्हणजे कुबेर वैश्रवण. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आलेले. ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तर त्याने 'हो?' म्हणून दुपारच्या मीटिंगचं निमंत्रण पाठवलं.

अजून एक. मालिकेत शंभरदा 'ओत्सुकारेसामा' येतं. सबटायटलवाले त्याचं दर वेळी वेगळं काहीतरी करतात. तुम्ही दमलात, हे मला दिसलं, असा काहीसा भाव. मला मराठीत शब्द सुचेना. मग आठवलं. चिपळूणला आजी, कोणी शेतावरून आलं की पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणायची, "दमलास हो." प्रश्न नसायचा तो.

भेंडीची भाजी

मी यातलं काही काम करत नाही, बँकेत आहे. मुलगी नववीत. एलिमेंटरीला ए ग्रेड मिळाली, यंदा इंटरमीजिएटला बसणार आहे. 'मला ॲनिमेशन करायचंय' म्हणाली तेव्हा आम्ही दोघांनी जे सगळे आईबाप म्हणतात तेच म्हटलं. तिने वाद न घालता ही मालिका बघा म्हणून सांगितलं. मला वाटलं गोड-गोड काहीतरी दाखवून गळ घालेल. तर यात स्टुडिओतला होंडा नावाचा माणूस कंटाळून नोकरी सोडतो आणि केकच्या दुकानात लागतो, आणि तिथे जास्त सुखात दिसतो! पाचजणींतल्या थ्रीडी करणाऱ्या मिसाला चांगल्या कंपनीत पगार आहे, पण दिवसभर गाड्यांची चाकंच करायची, म्हणून ती सोडते. स्टुडिओत नंतर आलेला हिराओका तर आतून पार जळून गेलाय. मी मुलीला विचारलं, हे बघूनही करायचंय? म्हणाली, "आई, म्हणूनच तर तुला दाखवलं. नंतर म्हणू नकोस सांगितलं नाही."

यावर काय बोलायचं? सध्या आम्ही दोघी रात्री जेवणानंतर एकेक भाग बघतो, एकोणिसावर आहोत. जुनी पेन्सिल, तुमचं वाचून दाखवलं तिला. ती काल गॅलरीत कावळे बघत बसली होती. तिने विचारलंय की घरी सराव करायचा तर सुरुवातीला काय लागतं. संगणक घ्यावा का?

जुनी पेन्सिल

संगणक नको इतक्यात. लाकडी फळीत काच बसवून घ्या, खाली बल्ब. सुतार तासाभरात करून देईल. कागद साधे चालतील. पेगबार बाजारात शोधत बसू नका, माझ्याकडे दोन आहेत, एक वसईवाल्याचा. खुंट्या थोड्या झिजल्यात पण कागद हलत नाही. डोंबिवलीला येणं होत असेल तर रविवारी सकाळी दहानंतर वर्गावर या, मुलीला आणा. तिला म्हणावं कावळ्याची किमान वीस चित्रं घेऊन ये, खोडलेली चालतील.