नेटवर्क गेलं तर निरोप कसा पोचवायचा?

सुजाता (सचिव): आणीबाणीत या ग्रुपवर विसंबून राहता येणार नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि ती काही तासांत उतरते. त्यात सगळे एकदम फोन लावतात, लाइन जाम होते. दुसरी सोय आजच ठरवू.

माधवकाका: कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस करा. कॉल बोलणं संपेपर्यंत चॅनेल अडवून ठेवतो, एसएमएसला क्षणभर वाट मिळाली तरी पुरते. पण मराठीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच बसतात, काना-मात्राही मोजल्या जातात. जास्त लिहिलं की तुकडे पडतात, एखादा अडकला तर निरोप अर्धवट राहतो. नमुना:
"बी विंगमध्ये गॅस गळती. जिन्याने मैदानात या. लिफ्ट, स्विच नको. १०:४०"
ही ६७ झाली.

रेश्मा: शेवटी वेळ कशाला?

माधवकाका: हाच निरोप दोन तासांनी कुणी फॉरवर्ड केला तर लोक पुन्हा धावत सुटतात. वेळ नसलेला निरोप पुढे पाठवूच नये.

अनघाताई: गळतीत बेल वाजवायची नाही, ठिणगी पडू शकते. हाताने दार ठोठवा. फोनसुद्धा बाहेर मोकळ्यावर येऊनच.

सुजाता (सचिव): म्हणजे प्रत्येक मजल्याला एक माणूस हवा.

अनघाताई: हवाच, आणि त्याने निरोप परत वदवून घ्यायचा. "हो, कळलं" पुरत नाही, समोरच्याने आपल्या तोंडाने सांगितलं पाहिजे. तोंडी निरोपात आकडे आणि दिशा आधी बिघडतात. शिवाय मराठीत "नका" वाक्याच्या शेवटी येतं. गोंगाटात "लिफ्ट वापरू नका" मधलं शेवटचंच ऐकू आलं नाही तर अर्थ नेमका उलटा! लिहिताना चालेल, पण बोलताना "जिन्यानेच या" म्हणा.

रेश्मा: कोणी अडकलं असेल तर? ओरडून घसा बसतो.

माधवकाका: शिट्टी. तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा.

अनघाताई: घाबरलेल्या माणसाला नुसतं "घाबरू नका" म्हणू नका, त्याने भीती जात नाही. नावाने हाक मारा, काय झालंय ते दोन वाक्यांत सांगा, आधी त्याचं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतही क्रम हाच आहे: पाहा, ऐका, मदतीशी जोडून द्या. "दहा मिनिटांनी येते" म्हटलं तर नवी बातमी नसली तरी जायचं. एकदा न जाणं पुढच्या सगळ्या निरोपांवरचा विश्वास घालवतं.

रेश्मा: घरच्यांना कसं कळवायचं?

माधवकाका: गावाबाहेरचा एकच नातेवाईक ठरवा, सगळ्यांनी त्यालाच कळवायचं. नंबर कागदावर लिहून ठेवा, फोन बंद पडला की पाठ नसलेला नंबर गेलाच.

सुजाता (सचिव): चौथा मजला माझ्याकडे. बाकी मजल्यांची नावं रविवारपर्यंत द्या. कमी ऐकू येणाऱ्यांच्या घरी ठोठावून भागणार नाही, तिथे टॉर्च आणि शेजाऱ्याकडे किल्ली लागेल. ती नावं मला वेगळी पाठवा, ग्रुपवर नको.