मदत हवी आहे: स्मार्ट कम्युनिटी डिझाइन सर्टिफिकेटचा फॉर्म अडलाय

घाईत_इंदूरकर
स्मार्ट कम्युनिटी डिझाइनच्या ग्रॅज्युएट सर्टिफिकेटचा फॉर्म भरतेय. 'चार वर्षांची पदवी किंवा समकक्ष' या रकान्यापाशी अडलं, पुढचं पान उघडतच नाही. शुक्रवार शेवटची तारीख. कुणी केलंय का? 'गूगल कर' म्हणणाऱ्यांनी कृपया लांब राहा.

रामबागवाला
कुठला देश? पदवी कशात? ऑनलाइन की तिथे जाऊन?

घाईत_इंदूरकर
अमेरिकाच ना. बीएस्सी, तीन वर्षांची.

माळवी_काका
बेटा, हे सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट सोड. भोपाळच्या एसपीएतून (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) एम.प्लॅन, म्हणजे नगररचनेतली मास्टर्स, कर. घरापासून चार तासांवर.

नकाशेवाली
काका, एम.प्लॅनला बी.आर्क, बी.प्लॅन, सिव्हिल नाहीतर भूगोल-अर्थशास्त्रासारखी मास्टर्स लागते. नुसत्या बीएस्सीवर कोण घेणार?

शिकागोकर
तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठं मानतात, काही नाही. आधी अॅडमिशन ऑफिसला मेल टाक. डब्ल्यूईएसचं (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) मूल्यांकन मागितलं तर मार्कशीट तुझ्या विद्यापीठाकडून थेट जाव्या लागतात, शुक्रवारपर्यंत ते विसर. आणि कोर्स पूर्ण ऑनलाइन असेल तर आय-२० (विद्यापीठाचं प्रवेशपत्रक) मिळत नाही, म्हणजे एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा नाही.

घाईत_इंदूरकर
व्हिसा कोणी विचारला? घरी बसूनच करायचंय, नोकरी सोडणार नाही. आणि माझी भूगोलात एमएस्सी पण झालीय, पण फॉर्म पदवीच विचारतोय.

रामबागवाला
अगं हे आधी सांगायचं ना! तीन अधिक दोन, पाच वर्षं झाली. 'आणखी संस्था जोडा' दिसतंय का? एमएस्सी तिथे टाक.

माळवी_काका
भूगोलात एमएस्सी? मग एम.प्लॅनला चालेल की! नकाशेवाली, आता बोल.

नकाशेवाली
ती नोकरी सोडत नाहीये काका, वर वाचा. घाईत, उद्देशपत्रात 'मला शहरांची आवड आहे' लिहू नकोस. आपल्या इंदूरच्या बीआरटीएसवर (बससाठी राखीव लेन) लिही: २०१३ ला सुरू, २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून काढायला घेतली. मधल्या लेनमधून बस सुसाट जायची आणि बाजूला गाड्या खोळंबायच्या. कुणाचा वेळ वाचला, कुणाचा गेला, एवढं मांडलंस तरी पुरे.

पोहे_जिलेबी
बीआरटीएस काढली ते बरंच केलं. पलासियाला रोज तासभर जायचा.

रामबागवाला
तुझा गेला, बसमधल्यांचा वाचला.

जुना_इंदूर
अवांतर: स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिसने १९१८ मध्ये होळकर दरबाराला शहराचा अहवाल दिला. दिवाळीच्या मिरवणुकीत त्याने प्लेगच्या उंदराचा पुतळा फिरवला, आणि मिरवणूक स्वच्छ मोहल्ल्यांतून नेणार हे आधीच जाहीर केलं. लोकांनी दारं-अंगणं झाडून काढली. आजचे स्वच्छतेचे नंबर नंतर आले!

घाईत_इंदूरकर
पान उघडलं! एमएस्सी टाकल्यावर. आता दोन शिफारसपत्रं मागतायत. ऑफिसातल्या साहेबांचं चालतं का?

माळवी_काका
एम.प्लॅनला शिफारसपत्र लागत नाही.