पहिल्यांदाच स्की करणार असाल तर मोठ्या रिसॉर्टच्या नादी लागू नका

पाऊलवाट
घरातल्या चौघांपैकी तिघं कधी स्कीवर उभेही राहिलेले नसतील, तर नावाजलेलं मोठं रिसॉर्ट घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. आम्ही ती चूक केली. पास काढला अख्ख्या डोंगराचा आणि पहिले दोन दिवस गेले पायथ्याच्या एका सौम्य उतारावर. धाकटी सरकत्या पट्ट्यावरून वर जायची, स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब अशी फाळ धरायची, दहा पावलांवर पडायची, पुन्हा पट्टा. तिसऱ्या तासाला ती स्वतःहून थांबली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता! पण याला शंभर उतार कशाला लागतात? लहान टेकडीवर हेच कितीतरी कमी पैशांत होतं. शिवाय सगळे उतार एकाच जागी येऊन मिळतात, त्यामुळे मुलं नजरेआड होत नाहीत.

हिमकण
अजिबात पटलं नाही. चूक रिसॉर्टची नव्हती, पासची होती. बऱ्याच मोठ्या ठिकाणी फक्त शिकाऊ भागाचा वेगळा, स्वस्त पास मिळतो. काही ठिकाणी तिथला पट्टा फुकटही असतो आणि अगदी लहान मुलांना पास लागत नाही. आधी विचारायला हवं होतं. दुसरं म्हणजे लहान टेकड्या बहुधा कमी उंचीवर असतात. हिवाळा उबदार गेला की तिथलं बर्फ आधी जातं. कृत्रिम बर्फाच्या तोफा असल्या तरी हवा पुरेशी थंड आणि कोरडी नसेल तर त्या चालवता येत नाहीत. राहण्याचे पैसे भरून चिखल बघायचा?

पाऊलवाट
बर्फाचा मुद्दा मान्य. म्हणूनच हंगामाच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी जाऊ नये, आणि सुट्ट्यांची गर्दी टाळून आठवड्याच्या मधले दिवस धरावेत. पण फार उंचावरही नवशिक्यांना त्रास होतो. अडीच हजार मीटरच्या वर मुक्काम असला तर पहिल्या दिवशी डोकं दुखणं, झोप न लागणं हे अगदी सर्रास होतं.

भटकभवानी
तुम्ही दोघंही पासवरच अडलात. पैसे वाचवायचे तर राहण्यात वाचवा, शिकवणीत नको. माझ्या नवऱ्याने मला स्वतः शिकवायचं ठरवलं आणि दुपारपर्यंत आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी गटात शिकले, दोन तासांत वळता आलं.

भाड्याच्या सामानाबद्दलही सांगते. बुटात मोजा एकच, दोन घातले की पाय घसरतो आणि जास्त गारठतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे यावीत. आणि वजन, उंची, वय, अनुभव खरा सांगा. त्यावरूनच बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, किती घट्ट ठेवायचं ते ठरतं. अनुभव वाढवून सांगितला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

हिमकण
शिकवणीबद्दल शंभर टक्के सहमत. पण मोठा मुलगा दोन दिवसांत तयार झाला तर तीन उतारांच्या टेकडीवर चौथ्या दिवशी काय करेल? मोठ्या ठिकाणी वरपासून खालपर्यंत येणारा लांब, सोपा उतार असतो. त्या एका उताराने मुलांना या खेळाचं वेड लागतं.

पाऊलवाट
असतो, पण तो 'सोपा' कोणाच्या हिशोबाने? उतार किती अवघड ते रंगाने दाखवतात, पण उत्तर अमेरिकेत हिरवा म्हणजे त्या डोंगरावरचा सर्वांत सोपा, दुसऱ्या डोंगरावरच्या हिरव्याशी त्याची तुलनाच नाही. युरोपात फ्रान्समध्ये हिरवा दिसतो, पण ऑस्ट्रिया, इटलीत रंग सहसा निळ्यापासूनच सुरू होतात. शिवाय असे लांब उतार बरेचदा अरुंद रस्त्यासारखे असतात, मागून वेगात येणारे पुष्कळ. पुढच्याला सांभाळायची जबाबदारी मागच्याची, हा नियम आहे खरा. पण सात वर्षांच्या मुलीला शेजारून सर्रकन गेलेल्या माणसाची धडकी बसायची ती बसतेच. मोठ्याला चौथ्या दिवशी कंटाळा आला तर पुढच्या वर्षी मोठा डोंगर बघू. धाकटी पहिल्याच दिवशी घाबरली तर पुढचं वर्ष येणारच नाही.

हिमकण
मग दोन दिवस टेकडी, एक दिवस मोठा डोंगर, असं का नको? पास एका दिवसाचाही मिळतो.

पाऊलवाट
हे चालेल. पण क्रम हाच हवा.